आधी बरी होऊ दे, मग बाहेर पडेन

पत्र थोडक्यात: बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या, प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या पंचेचाळिशीच्या एका ताईंचं हे पत्र. श्रावणात त्यांना सर्दी-तापाने गाठलं. ताप उतरला, आणि दोन दिवसांनी पहाटे उठताना खोली अशी गरगरली की पलंगाची कड धरून त्या तशाच बसून राहिल्या. दिवसभर उलट्या झाल्या, दवाखान्यात ठेवावं लागलं. एमआरआय नॉर्मल निघाला. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, ‘आतल्या कानाच्या नसेला सूज आहे, व्हायरल आहे, उतरेल.’ ऐकू नीट येतं. गरगरणं चार-पाच दिवसांत थांबलं, पण चार महिने होत आले तरी चालताना पाय गादीवर पडतात असं वाटतं. मान वळवली की नजर मागून येते. मंगळ बाजारच्या गर्दीत उभं राहवत नाही, मोबाईल सरकवताना मळमळतं, डाव्या कुशीवर वळलं की काही क्षण सगळं फिरतं. सासूबाईंच्या मते हे मानेचं दुखणं, म्हणून दिवसभर गळ्याला पट्टा. जाऊ म्हणते, ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तू मनावर घेतलंयस.’ चक्करेच्या दोन गोळ्या अजून चालू आहेत, बंद करायची भीती वाटते. नवरात्रात गरब्याला गेल्या नाहीत, आता उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, गच्चीवर जायची धास्ती. दिवाळीच्या सुट्टीनंतर वाढवलेली रजा डिसेंबरअखेर संपते आणि यजमान म्हणतात, ‘नोकरी सोड, आराम कर, मी आहे ना.’ ताई विचारतात: ‘पूर्ण बरी झाल्याशिवाय वर्गात उभी कशी राहू? राजीनामा देऊन टाकू का? आणि मी पूर्ण बरी होणार तरी आहे का?’

उत्तर:

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या सगळ्या काळजीचं मूळ तिथे आहे. या दुखण्यातून बहुतेक माणसं आपल्या रोजच्या कामाला परत लागतात. काही आठवड्यांत लागतात, काहींना महिने लागतात, आणि चार महिने झाले म्हणजे आता हे असंच राहणार असा अर्थ मुळीच होत नाही. तोल बिघडलेल्या माणसांना चालतं-फिरतं करणं हेच माझं फिजिओथेरपीचं काम आहे, म्हणून हे खात्रीने लिहिते. पण तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं आहे: आधी बरी होऊ दे, मग बाहेर पडेन. शाळेबद्दल तेच, बाजाराबद्दल तेच, गच्चीबद्दलही तेच. मला याच वाक्याशी बोलायचं आहे. तुमचं दुखणं लांबण्यात कानाइतकाच त्याचाही हात असावा असं मला वाटतं.

नेमकं झालं काय, ते आधी बघू. प्रत्येक कानाच्या आत, ऐकण्याच्या शंखापलीकडे, द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन छोट्या पिशव्या असतात. डोकं वळलं, झुकलं, पुढे सरकलं की त्याची खबर तिथून नसेमार्फत मेंदूला जाते. गंमत अशी की डोकं अगदी स्थिर असतानाही दोन्ही बाजूंच्या नसा सतत संदेश पाठवत असतात, आणि ते सारखे असले की मेंदू समजतो, सगळं ठीक आहे. व्हायरसमुळे एका बाजूची नस सुजली की त्या बाजूचे संदेश एकदम मंदावतात. मग मेंदूला वाटतं, डोकं गोल फिरतंय. तुम्ही पलंगावर निश्चल बसलेल्या असता, डोळे मात्र एका दिशेला झटके देत असतात आणि पोट ढवळून निघतं. तुमची ती पहाट म्हणजे हेच. ऐकणं शाबूत आहे, म्हणजे फक्त तोलाची नस बाधित झाली. ऐकूही कमी झालं असतं तर आतल्या कानाचा भागही सुजला आहे असं डॉक्टर म्हणाले असते.

आणि एमआरआय नॉर्मल का आला? तो फोटो मेंदूत रक्तस्राव, गाठ, पक्षाघात असं काही नाही ना, हे पाहायला काढतात. तोलाची नस किती जोमाने काम करते हे त्यात दिसत नाही. त्यासाठी कानात गार-गरम पाणी किंवा हवा सोडून डोळ्यांची हालचाल पाहतात, किंवा डोळ्यांवर कॅमेऱ्याचा चष्मा लावून डोक्याला छोटे झटके देतात. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल’ याचा अर्थ ‘भयंकर काही नाही’ इतकाच. ‘काहीच नाही’ असा त्याचा अर्थ जाऊबाईंनी काढला. त्यांना हा परिच्छेद वाचायला द्या, रागाने नको, चहाबरोबर द्या.

आता मुद्द्याचं. सूज उतरते, पण सुजलेली नस कधी पूर्ण पूर्ववत होते, कधी अर्धीमुर्धी. तरीही माणसं बरी होतात, कारण मेंदू नवा हिशेब शिकतो. बडोद्यात राहता, म्हणून सांगते. पतंग एका बाजूला झुकायला लागला की घरातली जाणती मंडळी दुसऱ्या टोकाला कागदाची चिंधी बांधतात. किती चिंधी पुरेल हे खाली अंगणात बसून कळत नाही. पतंग हवेत सोडावा लागतो, तो कुठे झुकतो ते बघावं लागतं, उतरवून परत बांधावं लागतं. मेंदूचंही तसंच. डोकं हललं, नजर घसरली, चूक कळली, दुरुस्ती झाली. ही प्रत्येक चूक त्याचा धडा असते. तुम्ही डोकंच हलवलं नाही, तर त्याला चूक कळणार कशी? चार महिने तुम्ही त्याच्या हाताला धडाच लागू दिलेला नाही, आणि हे करताना तुमचा हेतू अगदी शहाणपणाचा होता. चक्कर येते ती गोष्ट टाळायची, यात कुणाला चूक दिसेल?

हे आजचं शोधलेलं नाही. १९४०च्या दशकात इंग्लंडमध्ये टेरेन्स कॉथॉर्न हे कानाचे सर्जन आणि एफ. एस. कुक्सी हे डॉक्टर कानाच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा डोक्याच्या दुखापतीनंतर चक्कर येणाऱ्या रुग्णांवर काम करत होते. पडून राहणाऱ्यांपेक्षा उठून हिंडणारे लवकर सावरतात हे पाहून त्यांनी व्यायाम बसवले: आधी नुसते डोळे फिरवणं, मग मान, मग बसून-उठून, मग चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात टाकत नजरेने त्याच्यामागे जाणं, मग जिने. आजही त्याच पायावर काम चालतं. २०१५मध्ये कॉक्रेन या, वैद्यकीय संशोधन एकत्र करून पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ३९ अभ्यास तपासले आणि एका बाजूच्या कानाच्या अशा बिघाडात हे व्यायाम सुरक्षित आहेत आणि उपयोगी पडतात, असा निष्कर्ष काढला.

गळ्यातल्या पट्ट्याकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त तोच खुपला. कानाच्या डॉक्टरांनी तो सांगितल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे चक्कर म्हटलं की मान, हे समीकरण घराघरात पक्कं आहे. सासूबाईंनी मायेनेच सुचवलं असणार. पण पट्टा काय करतो? मान हलू देत नाही. म्हणजे ज्या एका हालचालीची मेंदूला गरज आहे, तीच बांधून ठेवतो. वर महिनोन्‌महिने मान ताठ धरल्याने ती खरोखरच आखडते, दुखते, आणि सासूबाईंचं म्हणणं खरं वाटायला लागतं. मानेत मणका सरकलाय, हातात मुंग्या येतात असं काही डॉक्टरांनी तपासून सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. तसं नसेल तर एकदा डॉक्टरांना विचारा आणि तो पट्टा कपाटात ठेवा.

गोळ्यांचंही असंच. प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारखी चक्कर दाबणारी औषधं पहिल्या दोन-चार दिवसांत देवासारखी धावून येतात. उलट्या थांबवायला ती हवीतच. पण ती तोलाचे संदेशच मंद करतात, म्हणून महिनोन्‌महिने घेतली तर मेंदूचं शिकणं लांबतं, गुंगी राहते, आणि फार काळ घेतल्यास काहींना हात थरथरण्यासारखे त्रासही होतात. बीटाहिस्टिन जरा वेगळं, ते मुख्यतः मेनिएर नावाच्या दुसऱ्या कानाच्या आजारासाठी वापरतात. तुम्ही नावं लिहिली नाहीत. दोन्ही पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा, ‘ही मला अजून कशासाठी लागते? कधी आणि कशी बंद करायची?’ स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. कमी करताना दोन-चार दिवस जास्त डुलल्यासारखं वाटलं तर घाबरू नका, पण तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. शेजारणीने मीठ सोडायला सांगितलं असेल तर तेही मेनिएरचं पथ्य आहे, या दुखण्याचं नाही. आमटी नीट जेवा.

तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात: डाव्या कुशीवर वळलं की काही क्षण सगळं फिरतं. मी तिथे थांबले. दिवसभराचं डुलणं आणि हे क्षणभराचं गरगरणं बहुधा दोन वेगळी दुखणी आहेत. आतल्या कानाच्या पिशवीत कॅल्शियमचे सूक्ष्म खडे असतात. नसेच्या सुजेनंतर कधी कधी ते सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. मग कूस बदलली, आडवं झालं, वर पाहिलं, की काही सेकंद, फार तर मिनिटभर, गरगरतं आणि थांबतं. याला गोळी लागत नाही. कानाचे डॉक्टर किंवा तोलाचं काम करणारे फिजिओथेरपिस्ट तुम्हाला टेबलावर झटकन आडवं करून, डोकं एका बाजूला वळवून, डोळे कसे हलतात ते पाहतात. खडे कुठल्या नळीत आहेत ते कळलं की डोकं ठरावीक क्रमाने फिरवून ते जागेवर नेतात. अमेरिकेतले कानाचे डॉक्टर जॉन एप्ली यांनी बसवलेली ही पद्धत पाच-दहा मिनिटांची आहे. काहींना एकदाच पुरते, काहींना दोन-तीनदा करावी लागते. मोबाईलवर व्हिडिओ पाहून घरी करू नका. कुठला कान, कुठली नळी हे न कळता डोकं फिरवून उपयोग नाही. उत्तरायणाला वर पाहायची धास्ती वाटते म्हणालात ना, त्या धास्तीमागे खडेच असण्याचा संभव मोठा आहे, म्हणून हे काम जानेवारीच्या आत उरकून घ्या.

आता व्यायाम. शक्य असेल तर तोलाचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे एकदा तरी जाऊन सुरुवात करा. कानाच्या डॉक्टरांकडूनच नाव मिळेल. तोवर वाचकांतल्या इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून मूळ व्यायाम सांगते.

कागदावर बोटाएवढं ‘अ’ काढा आणि बसल्यावर डोळ्यांसमोर येईल असं भिंतीवर चिकटवा, हातभर अंतरावर. नजर ‘अ’वर खिळवा आणि मान ‘नाही नाही’ म्हणतो तशी डावी-उजवीकडे हलवा, थोडीच. वेग इतका की ‘अ’ पुसट व्हायच्या बेताला येईल पण पुसट होणार नाही. सुरुवातीला वीस-तीस सेकंद पुरे. मग ‘हो हो’ म्हणतो तशी वर-खाली. हळूहळू मिनिटापर्यंत न्या, मग उभं राहून, मग पावलं जुळवून. हे सोपं वाटायला लागलं की ‘अ’ भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटींवर चिकटवा. मागे गजबज असली की तेच ‘अ’ धरून ठेवणं किती अवघड जातं ते बघा. मंगळ बाजारात जे होतं ते इथे छोट्या रूपात होतं, आणि इथे तुम्ही सुरक्षित आहात. किती करायचं? अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दुखणं जुनं झालं असेल तर नजर स्थिर ठेवायचे व्यायाम दिवसातून तीन ते पाच वेळा, मिळून किमान वीस मिनिटं, चार ते सहा आठवडे. एका दमात वीस मिनिटं करायची नाहीत. चहाआधी, आंघोळीनंतर, दुपारी, दिवेलागणीला अशी वाटून घ्या. वीसवर पोहोचायलाही दोन आठवडे लागले तर लागू द्या.

दुसरं, उभं राहणं. खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून उभ्या राहा, समोर खुर्ची ठेवा, पावलं जुळवा, डोळे मिटा. वीस सेकंद. तोल तीन ठिकाणांहून येतो: कान, डोळे आणि पायांखालची जमीन. एक कान लंगडा झाल्यापासून तुम्ही डोळ्यांवर सगळा भार टाकला आहे, म्हणून तर गर्दीत आणि मोबाईलवर त्रास होतो. तिथे डोळेच गोंधळतात. डोळे मिटून उभं राहिल्यावर कान आणि पाय कामाला लागतात. जमायला लागलं की पायाखाली घडी घातलेली गोधडी घ्या. पहिले काही दिवस कुणीतरी शेजारी असू दे, हात न धरता.

तिसरं, चालणं. आधी घरातल्या पडवीत, चार पावलं डावीकडे पाहत, चार उजवीकडे पाहत. मग सूरसागर तलावाच्या कडेने. सकाळी गर्दी कमी असते तेव्हा जा, एका बाजूला पाणी आणि मधली महादेवाची मूर्ती, दुसऱ्या बाजूला रस्ता. चालता चालता कधी मूर्तीच्या मुखाकडे बघा, कधी रस्त्यावरच्या रिक्षांकडे. मग कमाटीबागेतल्या चढ-उताराच्या, गवताच्या वाटा. बाजार शेवटी. तिथेही आधी कडेच्या दुकानापर्यंत, कामाची एकच वस्तू घ्यायला.

यात एक मोजमाप पाळा. व्यायामाने चक्कर थोडी वाढायलाच हवी. दहापैकी शून्य असेल तर तो व्यायाम तुम्हाला काही शिकवत नाही. तीन-चारवर गेली आणि पंधरा-वीस मिनिटांत निवली, तर मात्रा बरोबर. दुपारपर्यंत आडवं व्हावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा, बंद करू नका. बरीच मंडळी इथेच फसतात: एका चांगल्या दिवशी सगळं करून टाकतात, दोन दिवस पडून राहतात आणि ठरवतात की व्यायाम मानवत नाही. जागरण, ताप, पाळी, दगदग यांनी मधेच जुनं डुलणं परत येतं, तेव्हाही नवीन आजार झाला असं समजू नका. मेंदूने शिकलेलं थोडं सैल होतं, एक-दोन दिवसांत परत बसतं.

घरातल्या दोन-तीन गोष्टी आजच करा. न्हाताना डोळे मिटून डोक्यावर पाणी घेता तो क्षण धोक्याचा, तेव्हा स्टुलावर बसून न्हा. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवा, कारण अंधारात डोळ्यांचा आधार जातो. जुन्या वाड्याचा जिना असेल तर कठडा धरा, दुसऱ्या हातात बादली नको. स्कूटर अजून नको. उभं राहून झटकन खांद्यावरून मागे पाहिलं तरी नजर स्वच्छ राहते असं होईल, तेव्हा आधी मोकळ्या रस्त्यावर, मग रहदारीत.

काही वेळा मात्र माझं काहीएक ऐकायचं नाही. अचानक आजवर न झालेली डोकेदुखी, दोन-दोन दिसणं, बोबडं बोलणं, चेहरा किंवा हात-पाय एका बाजूला लुळा पडणं, धरूनही उभं न राहता येणं: यांतलं काहीही झालं तर १०८ला फोन करून मोठ्या इस्पितळात जायचं, ‘माझी नेहमीची चक्कर’ म्हणून घरी बसायचं नाही. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे.

जाऊबाई म्हणाल्या ते ‘मनावर घेतलंयस’ मी पूर्ण झटकून टाकत नाही, पण त्यांच्या अर्थाने मान्यही करत नाही. मेंदूत तोलाच्या आणि भीतीच्या वाटा जवळजवळ बांधलेल्या आहेत. पायाखालची जमीन ज्याची गेली आहे त्याला भीती वाटणारच. मग भीतीने माणूस ताठ चालतो, पावलांवर पहारा ठेवतो, आणि त्या पहाऱ्यानेच डुलणं जास्त जाणवतं. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या, उभं राहिल्यावर, हलल्यावर आणि गजबजलेल्या जागी वाढणाऱ्या अशा त्रासाची रीतसर व्याख्या बाराणी सोसायटी या, तोलाच्या आजारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७मध्ये केली आहे. तुमच्या वर्णनातल्या काही खुणा तिच्याशी जुळतात. ते ठरवणं डॉक्टरांचं काम. तसं निघालंच, तर व्यायामांबरोबर समुपदेशन आणि काही वेळा रोज घ्यायचं औषध यांनी फरक पडतो. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं म्हणजे ‘तुझं सगळं खोटं’ असं कुणी म्हटलं नाही, हे आधीच मनाशी पक्कं करा.

आणि यजमान. त्यांच्या ‘मी आहे ना’ला मी नावं ठेवणार नाही, असा आधार किती जणींना मिळतो? पण पाणी आणायला उठलात की ते उठतात, जिन्यावर दंड धरतात, भाजी तेच आणतात असं तुम्ही लिहिलं आहे. प्रत्येक वेळी तुमच्या मेंदूला एकच निरोप पोहोचतो, की हिला एकटीला जमणार नाही. त्यांना वेगळं काम द्या. सूरसागरला ते दोन पावलं मागे चालू देत. ‘अ’च्या वेळी घड्याळ त्यांच्या हातात असू दे. आठवड्यातून एकदा ते तुमच्यासोबत मंगळ बाजारात येऊ देत, पण पिशवी तुमच्या हातात. प्रेम करणाऱ्या माणसाला काहीतरी करायचं असतंच. त्यांना ‘काही करू नका’ म्हटलं तर ते ऐकणार नाहीत.

आता राजीनामा. तुमच्यासमोर मला तीन वाटा दिसतात.

राजीनामा दिलात तर आज सुटल्यासारखं वाटेल, यात शंका नाही. पण उद्या सकाळी उठून कुठे जायचं असेल? तुमचं दुखणं हालचालीने बरं होणारं आहे, आणि रोज हालचाल करायला लावणारी सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही हातची घालवाल. शिवाय आज तुम्ही हा निर्णय घाबरलेल्या अवस्थेत घेता आहात. अशा अवस्थेतला इतका मोठा निर्णय मी कुणालाच घेऊ देणार नाही.

जूनपर्यंत बिनपगारी रजा ही दुसरी वाट. शाळा देत असेल आणि घर तेवढं सोसत असेल, तर ती वाईट नाही, एका अटीवर: ते महिने वर लिहिल्याप्रमाणे वापरायचे. पडून काढलेल्या सहा महिन्यांनंतर जूनमध्ये वर्ग आणखी भीतीदायक वाटेल.

तिसरी वाट मला जवळची वाटते: जानेवारीत थोड्या तासिकांनी परत जाणं. वर्गातलं तुमचं काम डोळ्यांसमोर आणा. फळ्यावर लिहायचं, मागे वळायचं, चाळीस हलत्या डोक्यांमधून एकाचा वर झालेला हात शोधायचा, खाली वाकून वही बघायची, परत वर. हा तर माझा सगळा व्यायाम एका तासिकेत आहे! म्हणूनच तो सुरुवातीला झेपणार नाही, आणि म्हणूनच शेवटी तोच तुम्हाला बरं करेल. मधली पायरी घरीच करा. भिंतीकडे तोंड करून पाढा लिहिल्यासारखा हात चालवा, वळा, समोरच्या खिडकीतल्या एका गजावर नजर ठरवा, परत भिंतीकडे. आधी पाच वेळा. वळताना आधी डोळे, मग डोकं, मग अंग असा क्रम ठेवा.

मुख्याध्यापिकांना लिहिताना ‘चक्कर येते’ एवढंच लिहू नका. तेवढ्यावरून लोक रक्तदाबापासून उपवासापर्यंत काहीही समजतात. डॉक्टरांकडून एक पत्र घ्या, त्यात दुखण्याचं नाव, ते संसर्गजन्य नाही हे, आणि हळूहळू काम वाढवणं हा उपचाराचाच भाग आहे हे लिहून मागा. मग नेमकी मागणी करा: जानेवारीचे पहिले दोन आठवडे दिवसाला दोन तासिका, सकाळच्या, वर्ग तळमजल्यावर, मैदानावरची आणि प्रार्थनेच्या रांगांची जबाबदारी तूर्त दुसऱ्या कुणाकडे, वह्या तपासायचं काम हवं तितकं द्या. संक्रांतीच्या सुट्टीनंतर एक-एक तासिका वाढवायची. मुख्याध्यापिका नाही म्हणाल्या तर बिनपगारी रजेचा अर्ज तयार ठेवा, राजीनाम्याचा नको. आणि मुलांना सांगा. ‘बाईंच्या कानाची नस आजारी होती, म्हणून बाई हळू वळतात’ एवढं तिसरीच्या मुलांना नीट समजतं. आठवड्याभरात तुमच्या मागून धावत येणाऱ्याला तीच थांबवतील.